आयत्या वेळचा विषय

सहावीचा वर्ग आहे. फळ्यावर गणित मांडलंय : पावणेदोन भागिले अर्धा. सरांनी रीत सांगितली, दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि भागाकाराच्या जागी गुणाकार करा. सात छेद चार गुणिले दोन, उत्तर साडेतीन. वर्गाने उतरवून घेतलं. सर मनापासून शिकवणारे, म्हणून एवढ्यावर न थांबता व्यवहारातलं उदाहरणही देतात. पावणेदोन लिटर दूध आहे, अर्ध्या लिटरचं माप आहे, तर किती मापं भरतील? जिच्या घरी रोज दूध मोजलं जातं अशी एक मुलगी उभी राहते. ‘सर, तीन मापं भरतील आणि पाव लिटर उरेल. मग सव्वातीन यायला पाहिजे. साडेतीन कसं?’

क्षणभर सगळा वर्ग तिच्या बाजूचा होतो. खरं तर सरसुद्धा.

मुलीचं निरीक्षण चोख आहे. पाव लिटर उरतं, यात वाद नाही. पण ते लिटरचा पाव हिस्सा आहे आणि मापाचा अर्धा. प्रश्न मापांचा होता, लिटरचा नव्हता. बाकी मोजताना तिच्या हातातलं एकक नकळत बदललं, एवढंच. अपूर्णांक म्हणजे ‘कशाचा तरी’ हिस्सा, आणि ते ‘कशाचा’ सुटलं की सगळं सुटतं, हे अख्ख्या प्रकरणाचं मर्म त्या एका प्रश्नात आलेलं आहे. ते ओळखणारा शिक्षक तिला म्हणेल, ‘ते पाव लिटर मापात ओत बघू. माप किती भरलं?’ पाच मिनिटांचं काम. न ओळखणारा शिक्षक म्हणेल, ‘रीतीने कर, रीतीने साडेतीनच येतं.’ दुसरा शिक्षक आळशी नाही, अडाणी तर नाहीच. तो बी.एस्सी., बी.एड. आहे. मग त्याच्याकडे काय नाही?

हे गणित मी मनाने रचलेलं नाही. लिपिंग मा या अभ्यासिकेने अमेरिकेतल्या आणि चीनमधल्या प्राथमिक शिक्षकांना नेमकं हेच घातलं होतं : पावणेदोन भागिले अर्धा सोडवा आणि त्यावर एक शाब्दिक उदाहरण तयार करा. तिचं पुस्तक १९९९ साली आलं. अमेरिकी शिक्षकांपैकी निम्म्याहून कमी जणांचं उत्तर बरोबर आलं आणि उदाहरण रचताना तर बहुतेकांची दांडी उडाली. अर्ध्याने भागणं आणि दोनाने भागणं यांची गल्लत झाली. चिनी शिक्षकांचं उत्तर सगळ्यांचं बरोबर होतं आणि बहुतेकांना उदाहरणही रचता आलं. शिक्षकांची संख्या थोडी होती, त्यावरून दोन देशांचा निवाडा करू नये. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. महाविद्यालयात जास्त वर्षं काढलेले शिक्षक अमेरिकी होते. चिनी शिक्षकांचं औपचारिक शिक्षण त्यांच्यापेक्षा कमी होतं. त्यांना जे येत होतं ते नोकरीत लागल्यानंतर, शाळेत, त्याच विषयाच्या सहकाऱ्यांबरोबर पाठ्यपुस्तकाचा कीस काढताना आलेलं होतं.

आपल्याकडे विषय शिक्षकाची चर्चा दोन खांबांवर उभी असते. एक, त्याला विषय आला पाहिजे, म्हणून पदवी. दोन, त्याला शिकवता आलं पाहिजे, म्हणून डी.एड. किंवा बी.एड. बी.एस्सी.च्या तीन वर्षांत कुणी अपूर्णांकांकडे वळूनही पाहत नाही, ते येतात असं धरलेलं असतं. बी.एड.मध्ये पियाजे येतो, पाठ टाचण येतं, हेतुकथन येतं, पण सहावीतलं ते सव्वातीन येत नाही. या दोहोंच्या सांध्यात एक तिसरं ज्ञान असतं. हा घटक मुलांना नेमका कुठे अडतो, का अडतो, त्यांची चूक काय सांगते आणि कोणत्या उदाहरणाने गाठ सुटते, याचं ज्ञान. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६च्या एका लेखात त्याला नाव दिलं आणि तेव्हापासून जगभर त्यावर लिहिलं गेलं.

महाराष्ट्रातही ते नाव पोचलं. आपल्या बी.एड.ला ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ असा विषयच होता. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात काय झालं ते त्या काळात बी.एड. केलेल्या कुणालाही विचारा. दहा गाभाघटक आणि दहा मूल्यं पाठ करायची, पाठ्यपुस्तकातल्या प्रत्येक धड्यासमोर त्यांतली दोन-दोन लिहायची, रकाने भरायचे, वही तपासून घ्यायची. ‘काटकोन त्रिकोण’ या घटकातून कोणतं मूल्य रुजतं, याचं उत्तर महाराष्ट्रातल्या हजारो शिक्षकांनी लिहिलेलं आहे. काटकोन त्रिकोण तिरका काढला की मुलांना तो काटकोन त्रिकोण का वाटत नाही, हे त्या वहीत शोधून सापडायचं नाही. १९९३च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २०१५पासून बी.एड. दोन वर्षांचं केलं. रकान्यांना त्यामुळे जागा जास्त मिळाली.

हे तिसरं ज्ञान भाषेशी आणि गावाशी जोडलेलं असतं, म्हणून ते बाहेरून आयात करता येत नाही. मराठी मूल शाळेत येतं तेव्हा पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द घेऊनच येतं. एके काळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि थेट साडेतीनाची औटकी पाठ असायची. ती घोकंपट्टी परत आणा, असं मला म्हणायचं नाही. पण ‘एक चतुर्थांश’ हा नवा प्राणी नसून आपला घरचा ‘पाव’च आहे, हे मुलाला कळण्यासाठी या दोन शब्दांची भेट कुणीतरी घालून द्यावी लागते. आता सेमी इंग्रजीच्या वर्गात तिथे ‘वन फोर्थ’ही येऊन बसतो. स्वतः अंश-छेद, भाज्य-भाजक शिकलेल्या शिक्षकाने तेच इंग्रजीतून शिकवायचं ठरलं, तेव्हा त्याच्या तयारीचा विचार कुणी केला? राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा पाचवीत पहिल्यांदा ए-बी-सी-डी पाहिलेल्या शिक्षकांवर ती जबाबदारी अशीच येऊन पडली. आधी निर्णय, मग पुस्तक, मग जमलं तर शिक्षक, हा आपला क्रम आहे.

या क्रमाचा सर्वांत बोलका नमुना २०१९ सालचा. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ आलं आणि महाराष्ट्र पेटला. मराठीवर घाला, जोडाक्षरांची भीती, संस्कृतीचा ऱ्हास, काय काय निघालं. विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावाची फोड करून विनोदही झाले. पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जुनी पद्धत काढलेली नाही, मुलांना अडतं म्हणून ही आणखी एक वाट दिली आहे. त्यांचं म्हणणं पटो न पटो, अडचण खरी होती. मराठीत आपण ‘बासष्ट’ म्हणतो तेव्हा कानावर दोन आधी पडतात, साठ नंतर. लिहिताना सहा आधी. मूल ऐकलं तसं लिहितं आणि २६ होतात. ‘एकोणतीस’मध्ये तर ऐकू येतात तीस आणि लिहायचे वीसातले. ही एकोणची सवय लागते न लागते तोच एकोणनव्वदच्या जागी पुष्कळदा ‘नव्व्याऐंशी’ आणि एकोणशंभरच्या जागी ‘नव्याण्णव’ येऊन नियम मोडतात. सोलापुरात ज्या मुलाच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात, त्याच्या घरच्या भाषेत दशक आधी येतं, एकक नंतर. तो शाळेत आला की उलटं ऐकतो.

आता समजा, दुसरीतल्या मुलाने बासष्टच्या जागी २६ लिहिले. शिक्षिकेने त्याला काड्या दिल्या आणि बासष्ट मांडायला सांगितलं. त्याने दहाचे सहा गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या, तर त्याला संख्या कळली आहे, फक्त लिहिताना कान आडवा आला. त्याने दोन गठ्ठे आणि सहा काड्या ठेवल्या, तर ‘बासष्ट’ म्हणजे किती हेच त्याला ठाऊक नाही. चूक एकच दिसते, पण दुखणी दोन आहेत आणि औषधंही दोन. पहिल्याला अंकलेखनाचा सराव हवा, दुसऱ्याला तो सराव देऊन काहीच उपयोग नाही. विषय शिक्षकाची विद्या म्हणतात ती ही. त्या उन्हाळ्यात वाहिन्यांवर तासन्‌तास चर्चा झाली. ‘वीस पाच’ मराठी की अमराठी, यावर सगळे बोलले. दुसरीच्या वर्गातल्या बाईंना या गठ्ठ्यांबद्दल कुणी काय सांगितलं, हा प्रश्न कुणाच्याही तोंडी आला नाही.

शिक्षकाच्या तयारीचा विषय निघाला की आपल्याकडे एकच शस्त्र बाहेर येतं, परीक्षा. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण होणं बंधनकारक केलं. तेव्हापासून पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे गुरुजी गाइडं घेऊन बसले आहेत. दार राखायला परीक्षा असावी, माझी ना नाही. सेवेत शिरणाऱ्याला किमान काही यावं, ही अपेक्षा रास्तच आहे. पण ती परीक्षा काय मोजते ते पाहा. सहावी ते आठवीच्या गणित-विज्ञान शिक्षकाचा पेपर १५० गुणांचा. त्यात ३० गुण बालमानसशास्त्राला, ६० दोन भाषांना आणि ६० गणित-विज्ञानाला. खुल्या प्रवर्गाला ९० गुण लागतात, विषयवार किमान गुणांची अट नाही. उरलेल्या ९० गुणांपैकी ज्याने ७० मिळवले, त्याला स्वतःच्या विषयाच्या ६० पैकी २० पुरतात. आणि ते २० चार पर्यायांतून निवडायचे. सव्वातीन की साडेतीन, हे त्यात ओळखता येईल. सव्वातीन म्हणणाऱ्या मुलीचं काय बरोबर आहे, हे ओळखता येतं का, ते त्या पेपरला कधीच कळणार नाही. महाराष्ट्रात तर याच परीक्षेचा घोटाळा २०२१ साली पुणे पोलिसांनी उघड केला. म्हणजे जे थोडंफार मोजलं जात होतं तेही किती जणांचं खरं, हा प्रश्न वेगळाच.

बरं, पद तरी नीट आहे का? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी तीन शिक्षक सांगितले आहेत : एक विज्ञान व गणिताचा, एक सामाजिक शास्त्रांचा, एक भाषांचा. २००९ साली हे मोठंच पाऊल होतं. त्याआधी पुष्कळ ठिकाणी एकच गुरुजी सगळं शिकवत. पण या ‘व’मध्ये बरंच काही दडलं आहे. वनस्पतिशास्त्राचा पदवीधर गणित शिकवतो. इतिहासात एम.ए. केलेल्या बाई समोच्च रेषा शिकवतात, आणि बटाटा कापून त्या शिकवता येतात हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. त्यातून विज्ञान पदवीधर जिल्हा परिषदेच्या शाळेकडे वळतच नाही, कारण तेवढ्याच कष्टात त्याला दुसरीकडे जास्त पैसे मिळतात. सुरुवातीची तीन वर्षं तो शिक्षण सेवक असतो. त्याचं मानधन २०२३मध्ये वाढून सोळा ते वीस हजार झालं, तोवर ते सहा ते नऊ हजार होतं. पुढे विषय शिक्षक म्हणून काम सगळ्यांनी करायचं, पण पदवीधर वेतनश्रेणी ३३ टक्क्यांनाच. पट घसरला की पद जातं, माणूस ‘अतिरिक्त’ ठरतो, त्याचं ‘समायोजन’ होतं. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा आणि त्याला पोटापुरता बरा पगार असावा, हे सांगितलं होतं. त्याला एकशे चाळीस वर्षं होऊन गेली.

अशैक्षणिक कामांबद्दल मी लिहीत नाही. ती आहेत, बेसुमार आहेत, आणि त्यांवर सगळेच लिहितात. मला मात्र शंका आहे की उद्या ती सगळी काढून घेतली तरी सव्वातीनचा प्रश्न तिथेच राहील. मोकळा वेळ मिळेल, पण त्या वेळात सर विचारणार कुणाला? त्यांच्या शाळेत गणिताचे ते एकटेच आहेत. शेजारच्या शाळेतही एकच. डॉक्टरला अडलं तर तो दुसऱ्या डॉक्टरला फोन करतो, वकील ज्येष्ठांकडे जातो, गवंडीसुद्धा मिस्त्रीला विचारतो. विषय शिक्षकाचा धंदाच असा आहे की त्याला दिवसभर प्रश्न विचारले जातात आणि त्याने स्वतः एकही विचारायचा नसतो. विचारला तर ‘सरांना येत नाही’ असं होतं.

यावरचं सरकारी उत्तर म्हणजे प्रशिक्षण. राज्यावर तज्ज्ञ तयार होतात, ते जिल्ह्याचे सुलभक तयार करतात, ते तालुक्याचे, ते केंद्राचे. वरून ओतलेलं खाली येईपर्यंत उरतं ते पीपीटी, उपस्थितीपत्रक आणि शेवटच्या दिवशीचा गटफोटो. कोविडनंतर तेही मोबाइलवर आलं. चित्रफीत लावून ठेवा, भाकरी भाजून घ्या, शेवटी दहा प्रश्नांना टिकमार्क करा, प्रमाणपत्र तयार. बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतरची वेतनश्रेणी या प्रमाणपत्रांवर अडते, म्हणून ती सगळे घेतात. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासाचे सांगितले आहेत. तास मोजणं सोपं असतं. पण या प्रशिक्षणांत वर्गातून वर काहीच जात नाही. त्या मुलीचं सव्वातीन सुलभकांच्या कुठल्याच पायरीवर चढत नाही.

हे असंच असतं, असं मात्र नाही. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, आताच्या नर्मदापुरममध्ये, १९७२ साली सोळा सरकारी उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो उभा केला, १९७८ साली तो जिल्हाभर गेला, १९८२नंतर एकलव्य संस्थेने सांभाळला. त्यातल्या कृतिपुस्तिकांचं, पुस्तक उघडून दिलेल्या परीक्षेचं आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या ‘सवालीराम’चं कौतुक बरंच झालं. मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती मासिक बैठक. उन्हाळ्यात तीन आठवडे विद्यापीठांतले शास्त्रज्ञ आणि शिक्षक एकत्र बसून स्वतः प्रयोग करत. मग वर्षभर दर महिन्याला परिसरातल्या शाळांचे विज्ञान शिक्षक भेटत आणि कोणता प्रयोग फसला, मुलांनी काय विचारलं, यावर बोलत. पुस्तकं त्या बोलण्यावरून बदलत. तिथे खालून वर जाण्याची वाट होती, आणि ती ज्यांनी चालवली त्यांत त्याच शाळांतले शिक्षक होते. २००२ साली राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांत जमलेली माणसं पांगली. असं काही उभं करायला पिढी लागते आणि मोडायला एक आदेश पुरतो.

आपल्याकडेही धागे आहेत. मुंबईत १९७४ साली सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने आपल्या सुरुवातीच्याच काळात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांत काम केलं. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हापासून एक गोष्ट लावून धरली : मुलं विज्ञानात अडतात तेव्हा पुष्कळदा ती विज्ञानात नव्हे, पुस्तकाच्या भाषेत अडलेली असतात. अलीकडे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक स्वखर्चाने जात होते. बसगाड्या करून जात होते. ज्यांना आळशी म्हणून हिणवलं जातं तेच हे लोक. आदेशाने गेले नाहीत, दुसरा शिक्षक काय करतो ते पाहायला गेले. पुढे त्याच पाहण्याचं शासकीय कार्यक्रमात रूपांतर झालं, तेव्हा गावोगावच्या वर्गांच्या फरश्या रंगल्या. फरशी रंगवता येते. तिच्यावर बसलेल्या मुलाच्या चुकीकडे पाहायची नजर रंगाच्या डब्यातून येत नाही.

म्हणून मला नवी संस्था, नवं अ‍ॅप, नवी परीक्षा यांपैकी काहीच मागायचं नाही. आपल्याकडे केंद्रशाळा आहे. साधारण दहा शाळांचं एक केंद्र, त्याला केंद्रप्रमुख, आणि दर महिन्याला शिक्षण परिषद. म्हणजे एकट्या पडलेल्या विषय शिक्षकांना एकत्र बसवणारी व्यवस्था कागदावर तयार आहे. त्यातली एक दुपार गणिताच्या शिक्षकांना एका खोलीत द्यावी. अध्यक्ष नको, दीपप्रज्वलन नको, सुलभक तर नकोच. प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या चार वह्या आणाव्यात, त्यातही चुकलेल्या. एक चूक घ्यावी आणि दोन तास तिच्यावर बसावं. पुढच्या महिन्यात ती चूक कोणाच्या वर्गात कशी गेली, कोणाच्या वर्गात गेली नाही, ते सांगावं. अधिकारी यावेत, पण त्यांनीही एक वही आणावी. वर्षाला दहा बैठका, म्हणजे दहा चुका. फार थोडं वाटेल. सहावीच्या गणितात मुलांच्या मुळावर येणाऱ्या चुका दहांहून फार जास्त नसाव्यात असं मला वाटतं.

यावर हरकत ठरलेली आहे : ‘जे स्वतःच चुकतात ते एकत्र बसून काय करणार, चुकाच वाटून घेणार.’ हरकतीत तथ्य आहे. विषय पक्का असलेलं कुणीतरी खोलीत हवंच. तालुक्याच्या महाविद्यालयातले गणिताचे प्राध्यापक महिन्यातली एक दुपार देऊ शकतात, होशंगाबादला तर त्यासाठी दिल्लीहून माणसं येत. पण त्या प्राध्यापकांनाही सव्वातीन नवंच असणार. त्यांना भागाकार येतो, त्या मुलीला दूध मोजता येतं, आणि सरांना ती मुलगी माहीत आहे. ही तिघं एका टेबलाशी आली तर सांधा जुळेल.

सध्याच्या शिक्षण परिषदेची विषयपत्रिका मात्र वेगळी असते. मागील इतिवृत्त वाचून कायम करणं. यू-डायसची उरलेली माहिती. पोषण आहाराच्या नोंदी. शिष्यवृत्तीचे अर्ज. आधार जुळत नसलेल्या मुलांची यादी. नव्या परिपत्रकांचं वाचन. मग चहा येतो, लांबच्या गावचे गुरुजी एसटीची वेळ बघायला लागतात, आणि केंद्रप्रमुख शेवटचा मुद्दा पुकारतात : आयत्या वेळचे विषय. कुणी काही बोलत नाही. गणित, विज्ञान, भाषा, भूगोल पिशवीत घालून सगळे उठतात.